नारायण म्हंजे?

मी देव मानत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे देवाचं नाव वारंवार येणार आहे आणि आमच्यातलेच काही जण विचारतील, की तू कधीपासून कीर्तन करायला लागलास. मी पत्रकं लिहितो. पाण्याच्या मागणीची, रेशनच्या मागणीची, वस्तीतल्या रस्त्याची. एका पानात बसेल तेवढंच लिहायची सवय आहे. हा माणूस मात्र एका पानात बसत नाही. मी बसवून पाहिलं.

आमचं गाव पवनी तालुक्यात, आसगावच्या पुढे. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांचंही लिहीत नाही. गाव त्यांना ‘म्हंजे गुरुजी’ म्हणायचं. तोंडावर नुसतं गुरुजी, पाठीमागे पूर्ण. हायस्कूलमध्ये ते संस्कृत शिकवत. जातीनं ब्राह्मण नव्हेत, धान पिकवणाऱ्या घरातले. निवृत्त झाल्यावर गावातल्या पूजा सांगू लागले. दक्षिणा घेत नसत, म्हणून सगळे त्यांनाच बोलवत आणि बोलावून पस्तावत.

पस्तावायचं कारण ते दोन अक्षरी नाव. कोणी समोरून ‘राम राम, गुरुजी’ म्हटलं की हे थांबायचे, चष्मा वर करायचे आणि विचारायचे, “म्हंजे?” रामाचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. बायका त्यांना पाहून गल्ली बदलायच्या. एकदा भर चौकात त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. मागे मोठ्या अक्षरात ‘गोविंद कृपा’ लिहिलेलं होतं. ड्रायव्हरला विचारलं, गोविंद म्हंजे? तो बिचारा म्हणाला, “मालकाच्या पोराचं नाव हाये जी.” गुरुजी बाजूला झाले. “जा. खरं तं बोलला,” म्हणाले.

आम्ही वस्तीतल्या पोरांनी संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी. पहिल्या दिवशी ते वर्गात एकेकाला त्याच्या नावाचा अर्थ विचारत निघाले. अर्धा वर्ग देवांच्या नावाचा होता आणि एकालाही अर्थ येत नव्हता. ते सगळे बाकावर उभे. माझ्यापाशी आले आणि न विचारताच पुढे गेले. मला वाटलं, वस्तीतला म्हणून वगळलं. मी उठून म्हटलं, मला काहून नाही विचारलं? तर म्हणाले, “तुह्यं नाव देवाचं नाही. तुले उभं कायले करू?” मी तरीही उभाच राहिलो. त्यांनी बसायला सांगितलं नाही, आणि पूर्ण तास संपेपर्यंत आम्हा दोघांपैकी कोणीच हरलं नाही.

पूजेतही हेच. सुरुवातीला यजमानानं उजव्या तळव्यावर पळीभर पाणी घेऊन देवाचं एकेक नाव म्हणत प्यायचं असतं, आचमन म्हणतात त्याला. दुसरे भटजी ती नावं एका दमात उरकतात. गुरुजी प्रत्येक नावाला थांबायचे. केशव म्हंजे? केसवाला. नारायण म्हंजे? पाणी ज्याचं घर. माधव म्हंजे? लक्ष्मीचा नवरा. यजमानाला अर्थ आला नाही तर तळव्यावरचं पाणी तळव्यावरच. त्यामुळे गावातल्या प्रत्येक घराला ही उत्तरं पाढ्यासारखी पाठ झाली होती. आमच्या घरात छप्पन साली धम्म घेतल्यापासून पूजा नाही, पण शाळेतून ती मलाही पाठ होती.

नारायणावर ते सगळ्यात जास्त वेळ थांबत. जुन्या ग्रंथांत पाण्याला नारा म्हटलंय आणि तेच त्याचं राहतं ठिकाण, असं सांगत. मी दहावीत आगाऊपणे विचारलं होतं, की गुरुजी, माणसांचा आसरा तो नारायण असाही अर्थ मी वाचलाय. त्यांनी मान डोलावली. “आहे. पण आपल्या गावाले तलाव आहे. जे समोर आहे त्याचा अर्थ पहिले घे.”

तो तलाव मालगुजारीच्या काळातला, गावाच्या पोटाशी. गुरुजी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढण्याआधी चपला काढायचे. उन्हाळ्यात पाय भाजत, तरी काढायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, तू दुसऱ्याच्या घरात चपलेनं जातो का? पूजेला पाणीही तलावाचंच लागायचं. अलीकडे लोक कॅनचं पाणी ठेवू लागले होते. गुरुजी ते तुळशीला ओतायचे आणि रिकामा तांब्या यजमानिणीच्या हातात द्यायचे. ती मुकाट्यानं तलावावर जायची.

आता मुद्द्यावर येतो.

देवस्थान समितीनं ठरवलं, की तलावाच्या कोपऱ्यात नारायणाचा मोठा सभामंडप बांधायचा. समितीच्या अध्यक्षाचे स्वतःचे टिप्पर. गावातली मोकळी जागा सोडून तलावच का? कारण तलावातली जागा कोणाची नसते, आणि जी कोणाची नसते ती आधी हात घालेल त्याची. नेमका तोच कोपरा, जिथे तुडुम आहे. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं तोंड. त्या तोंडातून निघणाऱ्या पाटावर शेवटच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आमच्या वस्तीच्या आहेत. माझ्या बापाची बांधी सगळ्यात शेवटची. तुडुम बुजलं तर आमचा रोवणा, धानाची लावणी, होत नाही. इतकं सोपं गणित आहे, त्याला शहाणपण लागत नाही.

आम्ही ग्रामसभेत बोललो. देवाच्या कामात राजकारण आणू नका, असं उत्तर मिळालं. अर्ज दिले. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले आणि इकडे टिप्पर फिरत राहिले. आषाढ लागून पाऊस दडला होता. नर्सरीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला आलेली, आणि बांधीत पाय बुडेल एवढंही पाणी नाही. तलावात पाणी होतं. तोंडावर मुरूम होता.

मी गुरुजींकडे गेलो. मला त्यांचं एक वाक्य हवं होतं, सहीसकट. पत्रकावर मोठ्या अक्षरात: नारायणाचं घर बुजवून नारायणाला घर बांधता? वाक्य मीच तयार करून नेलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“वाक्य चांगलं आहे,” म्हणाले. “पण तू त्याले मानत नाहीस.”

मी म्हटलं, मी नाही मानत, ते मानतात ना. त्यांना लागायला पाहिजे.

“म्हंजे माह्या देवाचा तू दगड करून मारतो.”

मी म्हटलं, दगडच आहे तो, गुरुजी. आणि आमचे पऱ्हे पिवळे पडून राहिले.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. उलट शांतपणे म्हणाले, की तुझ्या आज्यानं छप्पन साली घरातले देव याच तलावात नेऊन ठेवले, मी लहान होतो, पाळीवरून पाहत होतो. त्यानं देव त्यांच्या घरी पोचवले, आणि तुला त्या घराची किंमत नाही.

इथे माझं डोकं फिरलं. मी त्यांना सांगितलं, की नेऊन ठेवले नाहीत, टाकले. माझ्या आजोबांना ज्या देवांनी या तलावाचं पाणी पिऊ दिलं नाही, ते देव त्यांनी त्याच पाण्यात टाकून दिले. तो आमचा सोडून जाण्याचा दिवस होता, तुमच्या देवाच्या घरभरणीचा नव्हता. तुमचा नारायण पाण्यात राहत होता तर आमच्या बायका उन्हात कोरड्या घागरी घेऊन उभ्या असताना तो कुठल्या कामाला गेला होता, हेही एकदा पूजेत विचारा.

 गुरुजींनी माझा कागद घडी घालून मला परत दिला. सही केली नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात कळलं, की भूमिपूजन सांगायला गुरुजी बसणार.

वस्तीत जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. मी त्याच संध्याकाळी पत्रक काढलं. त्यात लिहिलं, की अर्थ सांगणारे वेळ आली की अर्थ गिळतात. हे वाक्य मी आजही मागे घेत नाही. त्या दिवशी माझ्यासमोर जेवढं होतं, त्यावर ते बरोबरच होतं. गुरुजींच्या दारातही एक पत्रक टाकलं.

आमचं ठरलं होतं. पूजा होऊ द्यायची. पूजा संपली की फावडी घेऊन खाली उतरायचं आणि तुडुमावरचा मुरूम ओढायचा, मग काय व्हायचं ते होवो. काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. समितीची पोरं काठ्या घेऊन पूजेच्या मांडवामागे बसणार होती. डोकी फुटली असती, आणि गुन्हे आमच्यावर पडले असते. माझा बाप कधी कुठल्या मोर्चात आला नाही. तो रात्रभर मला समजावत होता, की बाबू, एक रोवणा गेला तर गेला, तू जेलात गेला तर मी काय रोवू. सकाळी पाहतो तर फावडं घेऊन तोच पुढे.

आम्ही पाळीवर एका रांगेत उभे राहिलो. पोलीस पाटील मध्ये येरझाऱ्या घालत होता आणि दोन्ही बाजूंना हात जोडत होता. कोपऱ्यात मुरमाचा ओटा, त्यावर पाट, पाटावर अध्यक्ष आणि त्याची बायको, दोघांच्या उपरण्या-पदराची गाठ मारलेली. मागे टिप्पर उभाच होता. मुहूर्तावर मुरमाची शेवटची खेप टाकायची, असं अध्यक्षाच्या मनात होतं.

गुरुजी आले. पाळीच्या खाली चपला काढल्या. आमच्या रांगेपाशी येऊन माझ्या बापाला म्हणाले, “आलास गा?” बापानं मान हलवली. माझ्याकडे गुरुजींनी पाहिलंही नाही.

मी त्यांच्या पाठीला म्हटलं, ऐकू जाईल असं, “गुरुजी, पत्रक वाचलं का?”

“वाचलं,” ते न वळता म्हणाले. “शुद्धलेखन बरं आहे.”

आमची पोरं हसली नाहीत. कोणीच हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

पाटाशी कॅनचं पाणी ठेवलं होतं. गुरुजींनी ते बाजूच्या झाडाला ओतलं आणि तांब्या अध्यक्षाच्या बायकोसमोर धरला. तिला सवय होती. बसल्या जागेवरून तलावाचा काठ हातभरच लांब होता, गाठ न सोडता तिनं वाकून तांब्या बुडवला. वर आला तो लाल. मुरमाचं पाणी, वर टिप्परच्या डिझेलचा तवंग, उन्हात रंग चमकत होते. तिनं तांब्यात पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तांब्या गुरुजींना दिला.

पहिली पळी. केशव म्हंजे? “केसवाला,” अध्यक्ष म्हणाला आणि प्यायला. म्हणजे तोंडात घेतलं. गिळलं की नाही ते आम्हाला पाळीवरून दिसलं नाही, पण त्याचा गाल फुगलेला दिसला.

दुसरी पळी तळव्यावर पडली.

“नारायण म्हंजे?”

अध्यक्ष बाजूला थुंकला आणि पाढा म्हणावा तसा सुरू झाला, “पाणी ज्याचं—”

आणि थांबला.

मागे टिप्परवाल्यानं खूण समजून टप, म्हणजे गाडीचा मागचा हौदा, उचलायला सुरुवात केली होती. तेवढाच आवाज होता. गावातल्या प्रत्येक घरात हेच उत्तर शेकडो वेळा म्हटलं गेलं होतं आणि कोणी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या गावानं पुढचा शब्द मनात म्हटला. मीही म्हटला, खोटं कशाला सांगू.

“पुढं चला, गुरुजी,” अध्यक्ष म्हणाला. “मुहूर्त जाऊन राहिला.”

“पुरं कर.”

“हे शाळा नाही जी.”

“मी दरवेळी विचारतो. तुह्या लग्नाच्या पूजेतही विचारलं होतं, तवा सांगितलं तू.”

“तुमाले बोलावलं तेच चुकलं.”

गुरुजी पळी धरून बसून राहिले. उठले नाहीत, आवाज वाढवला नाही. घाम त्यांच्या चष्म्यावर पडत होता. अध्यक्षाच्या तळव्यातलं लाल पाणी बोटांतून थेंब थेंब गळत होतं. मांडवामागची पोरं उभी राहिली. आमच्या रांगेत फावडी वर झाली. माझ्या बापानं माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट, की दोन दिवस वण राहिले.

तेवढ्यात अध्यक्षाची बायको बोलली, मान खाली घालूनच. “पाणी ज्याचं घर.”

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग अध्यक्षाला म्हणाले, “तुह्याच्यानं एक घोट गिळला नाही जात. तो तं त्यातच राहते.”

अध्यक्ष ताडकन उठला. पूजेला बसलेल्या यजमानानं मध्येच उठायचं नसतं, हे त्याच्या लक्षात उठल्यावर आलं. बायको उठली नाही. गाठ ताणली गेली आणि तो अर्धवट वाकलेला तसाच अडकला, ना उभा ना बसलेला. तिनं वर पाहिलं नाही, गाठीला हातही लावला नाही. शेवटी त्यानं उपरणंच गळ्यातून काढलं, पाटावर टाकलं आणि निघून गेला. समितीची पोरं काठ्या घेऊन त्याच्यामागे गेली, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“मोडली,” गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. पूजा मोडली. तीही नारायणाच्या नावावर.

टिप्परवाल्यानं टप खाली घेतला. “मी तं नाही टाकत बाबा आता इथं,” म्हणाला आणि गाडी वळवली.

बस. तिथं काम थांबलं. मोडलेल्या पूजेच्या जागेवर पाया घालायला कोणी मिस्त्री तयार होईना. मंडप पुढे रस्त्याकडेला, उंचावर झाला. गुरुजींना त्याचं बोलावणं गेलं नाही, आणि त्यानंतर गावातल्या कुठल्याच घरातून गेलं नाही. ज्यानं पूजा मोडली त्याला कोण बोलावणार? आता भटजी पवनीहून येतो, सगळी नावं एका दमात म्हणतो. गुरुजी नागपूरला लेकीकडे आहेत.

लोक मला विचारतात, जिंकलात ना? मी सांगतो, नाही. आमचा हक्क होता, अर्ज होते, कायदा होता, पिवळे पडणारे पऱ्हे होते. त्यानं एक टिप्पर थांबला नाही. थांबला तो अपशकुनाच्या भीतीनं. उद्या हीच भीती आमच्याविरुद्ध उभी राहील तेव्हा कोण बसणार आहे पळी धरून? याचा मला राग आहे आणि तो जाऊ द्यायचा माझा विचार नाही.

गुरुजींनाही मी हा राग बोलून दाखवला, त्याच दिवशी. आम्ही खाली उतरून मुरूम ओढत होतो, ते पाटापाशी सामान आवरत होते. मी विचारलं, हे ठरवून केलंत का? करायचंच होतं तर आधी आम्हाला सांगायचं.

“ठरवलं काहीच नाही,” ते म्हणाले. “पूजेले बोलावलं, मी गेलो. मी कसा आहे ते त्याईले मालूम होतं. सवयीनं विसरले.”

मग तांब्या पुसता पुसता म्हणाले, “तू घागरीचं विचारलं होतं. त्याचं उत्तर मले सापडलं नाही.”

एवढंच. पुढे काही जोडलं नाही. मीही जोडत नाही.

तुडुम मोकळं व्हायला दुपार झाली. बापाचं फावडं शेवटच्या थरात कशाला तरी खणकन लागलं. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळात असे पितळी देव निघतात, कोणाच्या घरचे ते कोणी सांगत नाही. बोटभर उंचीचा, नाक-डोळे झिजून सपाट झालेले. बापानं तो माझ्या हातावर ठेवला आणि धोतराला हात पुसले. आमचाही असेल, दुसऱ्या कोणाचाही असेल. पाणी पाटात शिरलं होतं, वस्तीतली माणसं त्याच्यामागे बांध्यांकडे पळत होती.

गुरुजी पाळीवर अनवाणी उभे होते. त्यांनी माझ्या हातात काय आहे ते पाहिलं. मी वाट पाहत होतो, की आता विचारतील, हा कोण, म्हंजे? त्यांनी विचारलं नाही.

“ठेव पाण्यात,” म्हणाले.

“ठेवत नाही,” मी म्हटलं. “टाकतो.”

“टाक. पोचते तिथंच.”

मी टाकला.